सशाची अंडी

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, कडेच्या खडीत, गाड्या अडवायचे चार नारिंगी शंकू उभे राहतात. कोण ठेवतं ते कोणालाच माहीत नसतं. सबंध हिवाळाभर ढकलून ठेवलेल्या बर्फाचा काळा ढीग अजून वितळायचा असतो, वाऱ्याला ओल्या दगडांचा आणि डिझेलचा वास असतो, आणि त्या शंकूंच्या मधे उघड्या खडीवर एक पक्षी बसलेला असतो. तपकिरी पाठ, पांढरं पोट, गळ्यात दोन काळे पट्टे. गाडीचं दार लावलं की ओरडतो. माझ्या बरोबरचे लोक कॉफीचे कप सावरत "सो क्यूट" म्हणतात आणि आत जातात. मी मात्र गाडीपाशीच थांबते. इतक्या वर्षांनीही थांबते, याचा मला रागच येतो.

इथे त्याला किलडिअर म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव टिटवी. पक्षीशास्त्र जाणणारे म्हणतील की ही नव्हे ती, ही तिची लांबची बहीण. असेल. पण ओरडणं तेच, उडता उडता घाबऱ्याघुबऱ्या ओरडणं, आणि आमच्याकडे टिटवी घरावरून ओरडत गेली की घरात काहीतरी वाईट होतं असं मानणारी माणसं अजून आहेत. माझी आई त्यातली एक होती.

दोन हजार तीनचा वसंत. आम्ही तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहत होतो. बाबा पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर, मी पाचवीत. लाकडी जोडघर, मधे एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे अर्लीन आजी. तिचं नाव नुसतं अर्लीन, आणि इथली सगळी मुलं तिला तशीच हाक मारायची; पण म्हाताऱ्या माणसाला नुसतं नावाने बोलवायचं नाही, असा आईचा दंडक, म्हणून मी तिला आजी केलं. तीही "आजी" म्हटलं की ओ द्यायला शिकली. तिचे पूर्वज जर्मनीतून आलेले शेतकरी होते, कधी आले ते तिलाही धड सांगता येत नसे. तिच्या घरात व्हिनेगरचा, कोळशाच्या शेगडीचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास कायम मुक्कामाला होता.

आमची ओळख झाली ती कांद्याच्या सालींवरून. ऐन थंडीत एकदा तिने दार वाजवलं आणि विचारलं, तुमच्याकडून रोज कांदा परतल्याचा वास येतो, तर सालींचं काय करता? मला द्याल का? आईला वाटलं, बिचारी, साली मागायची वेळ आली म्हातारीवर. तिने पिशवीभर साली दिल्या आणि वर दोन चांगले कांदे ठेवले. संध्याकाळी अर्लीन आजी ते कांदे परत घेऊन आली. साली ठेवून घेतल्या होत्या. मग आई रोज साली जमवायला लागली, लाल कांद्याच्या वेगळ्या, पिवळ्याच्या वेगळ्या. त्या दोघींना एकमेकींचं बोलणं फारसं कळत नसे. मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करायचे.

साली कशासाठी ते पुढे कळलं. त्यात अंडी उकळून ती रंगवायची, ईस्टरसाठी. हे मी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमच्या घरात अंडं येत नसे. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मी वाचून दाखवल्याशिवाय तो पुडा फुटत नसे. बाबांनी निवाडा केला, "साली आपल्या, अंडी त्यांची. आपण कुठे खातोय?" आणि साली जात राहिल्या.

फेब्रुवारीपासून आई अंथरुणावर होती. गर्भपिशवीला टाका घातला होता आणि डॉक्टरीणबाईंनी उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. माझ्यानंतर अकोल्याला एकदा राहिलं होतं, ते पाचव्यात गेलं. त्यामुळे या खेपेला घरात "बाळ" हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. पाळणा नाही, दुपटं नाही, नावांच्या गप्पा नाहीत. गावातल्या दुसऱ्या मराठी घरातल्या शिल्पाकाकू डबा घेऊन यायच्या. त्यांनी एकदा बेबी शॉवरचं काढलं तर आईने त्यांचा हात घट्ट धरला. "आधी काही आणायचं नाही गं. एक झबलंसुद्धा नाही." काकू म्हणाल्या, "ओके ओके, कॅन्सल केलं. तू टेन्शन घेऊ नको, यार. बेड रेस्ट म्हणजे बेड रेस्ट." आणि पोळ्यांचा डबा ओट्यावर ठेवून डोळे पुसत गेल्या.

त्या दिवसांचा आवाज आठवायला गेलं तर आवाजच आठवत नाही. टीव्हीवर युद्ध चालू होतं, ते मुकं करून ठेवलेलं. बाबा मोजे घालून चालायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद करायला धावायचे. फोन वाजला की तिघंही आधी त्याच्याकडे बघायचो आणि मग एकमेकांकडे.

पाडव्याला बाबांनी पडद्याच्या दांडीची गुढी केली आणि मागच्या खोलीच्या खिडकीत, आईला दिसेल अशी बांधली. साखरेच्या गाठी कुठून आणणार? मी दुकानातून साखरेत घोळवलेले, मऊ मिठाईचे गुलाबी-पिवळे ससे आणले, ईस्टरच्या सुमाराला ते ढिगाने असायचे, आणि सुईदोऱ्यात ओवून माळ केली. आई खूश झाली. दुपारी शिल्पाकाकू आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, यात जिलेटिन असतं! हाडांचं!" बाबांनी स्टुलावर चढून माळ काढली. सगळे हसले, काकू सगळ्यात जास्त. आई हसली नाही. सणाच्या दिवशी देवाला हाडं वाहिली गेली, एवढंच तिने ऐकलं होतं. तिचं काळीज त्या दिवसांत सशाचं झालं होतं, पानाच्या आवाजाला दचकायचं.

आणि त्याच आठवड्यात टिटवी आली.

दोन्ही घरांच्या मागे खडीची एक वाट होती, गाड्या तिथूनच बाहेर पडायच्या. आईची खिडकी नेमकी त्या वाटेवर. मी तिच्या केसांना तेल लावत होते. बाहेर आवाज झाला, लांबून जवळ येत गेला, छपरावरून गेला. आईची मान माझ्या हातात ताठ झाली.

"ही इथे कशी?" ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं ती कशाबद्दल बोलतेय. मग तिने सांगितलं, अगदी हळू, माझ्याकडे न बघता. अकोल्याला ते झालं त्याच्या आदल्या दिवशी ती गच्चीवर कपडे काढायला गेली होती, आणि टिटवी घराभोवती तीनदा फिरली होती ओरडत.

"अगं, तो किलडिअर आहे. मी नेटवर बघितलं," बाबा म्हणाले. ते संध्याकाळी आले तेव्हा पक्षी पुन्हा ओरडत होता. "कॉमन बर्ड आहे इथला. तुझी अकोल्याची टिटवी काय व्हिसा काढून येणार आहे?"

"हाकला तिला."

"हाकलू काय? तिने अंडी घातलीत खडीत. इथे त्यांना हात लावला तर गुन्हा असतो."

"आणि ती रोज डोक्यावर ओरडते ते?"

बाबा हसले. ते अशा गोष्टींना नेहमीच हसायचे. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याला हाक मारायचे. पण त्या दिवशी त्यांचं हसू मधेच थांबलं आणि ते बाहेर जाऊन उगीचच गाडी पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मी अंडी बघितली. घरटं असं नव्हतंच, खडीत नुसती एक खोलगट जागा. अंडी खड्यांच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची, टोकं आत करून ठेवलेली. आपण तिथेच बघत असलो तरी दिसत नाहीत आणि एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही. अर्लीन आजीने तोवर भोवती विटा मांडल्या होत्या आणि वरून टोमॅटोच्या रोपांना लावायचा तारेचा पिंजरा उपडा घातला होता, टिटवीला आतबाहेर करता येईल असा. त्याला लाल चिंधी बांधली होती, गाडीवाल्याला दिसावी म्हणून. गाडीवाले आम्हीच.

आईने मला पलीकडे पाठवलं. सांग त्यांना, ते सगळं उचलून दुसरीकडे न्या म्हणावं. मी सांगितलं. का, ते सांगताना मात्र मला लाज वाटली, तरी सांगितलं. अर्लीन आजीने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि ॲप्रन न काढताच माझ्याबरोबर आली. आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली. तिच्या बोटांना कांद्याच्या सालींचा तांबूस रंग लागला होता.

ती म्हणाली, मी लहान होते ना, तेव्हा दुकानात ससे नव्हते. ईस्टरची अंडी आणायचा तो आमचा ससा रानातला, लांब कानांचा, त्याला आम्ही ओश्टरहास म्हणायचो. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मुलं आपापल्या टोप्या गोठ्यात गवतावर उलट्या ठेवायचो. मुलांच्या टोप्या, मुलींची बॉनेटं. तेच त्याचं घरटं. सकाळी त्यात रंगीत अंडी असायची. जे मूल वर्षभर वाईट वागलं त्याच्या टोपीत लेंड्या. माझ्या भावाच्या टोपीत एकदा निघाल्या, तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही.

मी सांगत होते, आई ऐकत होती. दारात येऊन उभे राहिलेले बाबा म्हणाले, "सशाला शिंगं नसतात एवढं ऐकलं होतं. अंडी नवीनच आहेत."

मी तेही तिला सांगितलं. अर्लीन आजी म्हणाली, हेच मी माझ्या आजोबांना विचारलं होतं. ससा कसा अंडी घालेल? तर ते म्हणाले, तिकडे जुन्या देशात नांगरलेल्या रानात ससा बीळ करत नाही. जमिनीत जरा खोलगट जागा करतो आणि अंग दाबून बसतो. आणि एक पक्षी असतो, या बाहेरच्या बाईसारखाच ओरडणारा, तो तशाच खोलगट जागेत, उघड्यावर अंडी घालतो. वसंतात माणसं रानात जायची. पायाशी एकदम ससा उठून पळायचा. बघतात तर तिथे अंडी. झालं. सशाने अंडी दिली म्हणून माणसं घरी सांगत आली.

बाहेर टिटवी ओरडली. आईने खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"विचार त्यांना, मग सशाने केलं तरी काय?"

मी विचारलं.

"काहीच नाही," अर्लीन आजी म्हणाली. "तो बिचारा शेजारी बसला होता."

आई हसायला लागली. कितीतरी आठवड्यांनी. हसू नको, हसू नको म्हणून बाबा पुढे आले, टाक्याला ताण बसेल म्हणून, आणि ती पोट धरून, तोंडावर पदर दाबून हसत राहिली.

पुढे मोठेपणी मी या सशाबद्दल जे मिळेल ते वाचलं. पंडितांचं एकमत नाही. कोणी म्हणतं, एका वसंतदेवीने पाखराचा ससा केला, म्हणून तो अंडी घालतो. त्यावर दुसरे म्हणतात, त्या देवीचा धड पत्ता नाही, तिची गोष्ट मागाहून रचलेली. जर्मनीकडच्या एका जुन्या वैद्याने या सशाबद्दल लिहून ठेवलंय, पण त्याला काळजी होती ती फार अंडी खाऊन लोकांची पोटं बिघडतात याची. टिटवीची गोष्टही खरी की अर्लीन आजीच्या आजोबांनी रचलेली, कोण सांगणार? मला ती खरी वाटते. दुकानात चॉकलेटचे ससे रांगेने उभे दिसतात, चांदीच्या कागदातले, आतून पोकळ, तेव्हा मला नांगरलेल्या काळ्या रानात ढेकळं तुडवत निघालेली माणसं दिसतात, आणि त्यांच्या पायाशी धडधडत बसलेला तो जीव.

त्या दिवसानंतर आई रोज सकाळी विचारायची, "बघून ये गं, बसलीय का?" पाऊस आला की, "भिजत असेल." बाबांना तिने बजावलं, गाडी खडीवरून न्यायची नाही, हिरवळीवरून वळसा घालायचा. बाबा कुरकुरायचे. बर्फ नुकतं विरघळलं होतं, हिरवळ म्हणजे नुसता चिखल. पण न्यायचे. ऑफिसला जाताना एक चाक चिखलात, एक खडीत, खिडकीतून मान बाहेर काढून टिटवीकडे बघत. ती पंख पसरून त्यांच्यावर ओरडायची. "सॉरी मॅडम," बाबा म्हणायचे, आणि आत पलंगावर आईला ते ऐकू यायचं. आमच्या घरात तेवढे दिवस पुन्हा आवाज होते.

चैत्रातली पौर्णिमा झाली आणि त्यानंतरच्या रविवारी ईस्टर होता. आदल्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून सालींचा वास यायला लागला, उकळत्या सालींचा, गोडसर, मातकट. मी तिकडे होते. पातेल्यात पाणी गर्द तांबडं झालं होतं. अर्लीन आजी मला अंडी एकेक करून सोडायला शिकवत होती. तेवढ्यात भिंतीवर थाप पडली. एकदा. मग पुन्हा.

मी घरात पोचले तेव्हा बाबांनी आईला उचललं होतं. चादर ओली होती. बाबा नुसते "हं, हं" करत होते. मी गाडीचं दार उघडलं. आईला मागच्या सीटवर आडवं केलं. बाबांनी गाडी सुरू केली आणि सरळ खडीवर घेतली.

"अहो, अंडी," आई म्हणाली.

बाबांनी ऐकलं नाही.

"अहो!"

बाबांनी स्टीअरिंग फिरवलं. गाडी हिरवळीवर गेली आणि मागचं चाक चिखलात रुतलं. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला, चाक जागच्या जागी फिरलं, चिखल माझ्या फ्रॉकवर उडाला. पुन्हा दाबला. चाक आणखी खाली गेलं. आई डोळे मिटून ओठ चावत होती. टिटवी गाडीभोवती ओरडत फिरत होती, गाडीचा आवाज आणि तिचा आवाज, आणि बाबा स्टीअरिंगवर मूठ मारत होते. अर्लीन आजी शेगडीतल्या राखेची बादली घेऊन आली. एवढी थकलेली बाई, चिखलात गुडघ्यावर बसली आणि हातांनी चाकाखाली राख कोंबायला लागली. मला ओरडून म्हणाली, ढकल! मी ढकललं. चाक फिरलं, घसरलं, मग त्याने पकड घेतली. गाडी निघाली. तो वेळ किती होता ते मला आजही सांगता येत नाही.

रात्री मी अर्लीन आजीकडे झोपले. सकाळी तिने मला उठवून सांगितलं, तुझी कानटोपी इथे राहिली होती ना, ती शोध. मला शोधायची नव्हती. पण तिने चेहऱ्यावर हसू आणलं होतं, आणि ते फार वेळ टिकणार नाही हे मला कळत होतं, म्हणून मी शोधली. जिन्याखाली सापडली, उलटी ठेवलेली, आत वाळकं गवत आणि तांबडी, तपकिरी, सोनेरी अंडी. आमच्या कांद्यांचे रंग. मी आयुष्यात पहिल्यांदा अंडं हातात धरलं होतं. ते अजून कोमट होतं, तिने ती पहाटे पुन्हा उकळायला घेतली असणार.

तेव्हा फोन वाजला. अर्लीन आजीने उचलला. ती फक्त "यस" म्हणत होती. दर वेळी आधीपेक्षा हळू.

भाऊ झाला होता. त्या संध्याकाळपर्यंत होता.

मंगळवारी बाबा आईला घरी घेऊन आले. मी मागच्या पायरीवर बसले होते. गाडी खडीच्या वाटेच्या तोंडाशी थांबली आणि बाबा एकटेच उतरले, आईचं दार न उघडता. तरातरा चालत आले. त्यांना येताना बघून टिटवी पिंजऱ्यातून निघाली आणि एक पंख मोडल्यासारखा ओढत, खडीत लोळत ओरडायला लागली. अंड्यांजवळ कोणी आलं की ती असं सोंग करते, आपल्यामागे यावं म्हणून. बाबा तिच्यामागे गेले नाहीत. त्यांनी पिंजरा लाथेने उडवला आणि एक वीट उचलली.

"हिच्यासाठी," ते म्हणाले. "हिच्यासाठी गाडी चिखलात घातली मी."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं की तेवढ्या वेळाने काही फरक पडला नसता. हे मला खूप पुढे कळलं. त्यांना तेव्हाही माहीत होतं. अर्लीन आजी तिच्या दारात आली आणि तिथेच थांबली. मी पायरीवरून उठून उभी राहिले.

आईने स्वतः दार उघडलं. आधी गाडीला धरून, मग काहीच न धरता ती चालत आली. तिचा कुडता छातीवर ओला झाला होता. मला वाटलं, येताना पाणी सांडलं असेल.

"अहो, वीट खाली ठेवा."

"तूच म्हणायचीस ना, अपशकुनी आहे म्हणून?"

"म्हणायचे."

बाबांचा हात वरच होता. पायाशी टिटवी पंख आपटत होती.

"ती आपल्यासाठी ओरडत नव्हती हो," आई म्हणाली. "तिकडे अकोल्यालाही नव्हती. तिचं तिला असतं. आपण नुसते शेजारी राहतो."

बाबांनी वीट खाली ठेवली. मग ते तिथेच खडीत बसले आणि मोठ्याने रडायला लागले, मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं. आई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. ऊन होतं, पण वारा गार होता, आणि अंडी उघडी पडली होती. आम्ही तिथून हलत नव्हतो म्हणून टिटवी थांबत नव्हती. आईने तिच्याकडे जरा वेळ बघितलं.

"चला आत," ती बाबांना म्हणाली. "तिला बसू दे."